नेमसर्व्हर किती झटकन उत्तर देतोय हे नागपुरात बसून कसं मोजायचं, एकदम पहिल्या कमांडपासून अलर्टपर्यंत

साईट स्लो आहे म्हटलं की आधी होस्टिंगचं नाव निघतं, मग थीमचं, मग इमेजच्या साईझचं. पण ब्राउझर तुमच्या वेब सर्व्हरपर्यंत पोचायच्या आधीच एक प्रश्न विचारला गेलेला असतो, की या डोमेनचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता काय (नावावरून पत्ता शोधायच्या या यंत्रणेलाच डीएनएस म्हणतात), आणि त्याचं उत्तर तुमच्या डोमेनच्या नेमसर्व्हरकडून यायचं असतं. ते उत्तर लटकलं तर मागचं सगळं कितीही फास्ट असो, काही उपयोग नाही. बर्डीवरचा दुकानदार फोन करतो, "भाऊ, माझी साईट काऊन अटकते जी, कधी पटकन उघडते कधी फिरतच राहते", तेव्हा हे "कधी कधी" ऐकलं की मी सगळ्यात आधी नेमसर्व्हर बघतो. वेब सर्व्हर स्लो असला तर तो बहुतेक सगळ्यांनाच स्लो वाटतो. नेमसर्व्हरचं दुखणं मात्र कॅशमुळे, म्हणजे आधी मिळालेलं उत्तर काही वेळ साठवून ठेवलेलं असतं त्यामुळे, झाकलं जातं, ज्याची कॅश संपली त्यालाच ते दिसतं.

हे सगळं फुकटच्या टूल्सनी होतं. एक लिनक्स मशीन पाहिजे, जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय चालेल, आणि शक्य असेल तर बाहेर कुठेतरी एक छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याने घेतलेला व्हर्च्युअल सर्व्हर. कमांड मी इथे वाचून दाखवल्यासारख्या लिहितोय, टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे इंग्रजी अक्षरांतच टाईप करायच्या.

आधी ठरवा, नक्की कोणाला मोजायचंय

दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. एक म्हणजे रिझॉल्व्हर, जो तुमच्या वतीने शोधाशोध करतो, तुमच्या इंटरनेट कंपनीचा असेल किंवा ८.८.८.८ आणि १.१.१.१ सारखा पब्लिक. दुसरा अथॉरिटेटिव्ह नेमसर्व्हर, ज्याच्याकडे तुमच्या डोमेनची खरी नोंद असते. रिझॉल्व्हरला विचारलं तर पहिल्यांदा वेळ लागतो आणि दुसऱ्यांदा उत्तर कॅशमधून येतं, म्हणजे तुम्ही मोजता कॅश आणि समजता नेमसर्व्हर मस्त चालू आहे. त्यामुळे मोजणी थेट अथॉरिटेटिव्ह सर्व्हरवरच करायची, तीही प्रत्येकावर वेगळी.

वेगळी कशाला? कारण चार नेमसर्व्हरपैकी एक स्लो असला तरी त्याच्याकडे क्वेरी जातातच. बाइंड आणि अनबाउंड ही रिझॉल्व्हरची दोन सॉफ्टवेअर घ्या: बाइंड मागच्या अनुभवावरून फास्ट सर्व्हर पसंत करतो पण बाकीच्यांनाही अधूनमधून चाचपून बघतो, आणि अनबाउंड तर सगळ्यात फास्ट सर्व्हरपासून ४०० मिलिसेकंदांच्या आत जे कोणी असतील त्यांच्यातून कुणालाही उचलतो. म्हणजे २० मिलिसेकंदवाला आणि ३०० मिलिसेकंदवाला त्याला सारखेच. चौघांची सरासरी काढून ग्राफ बनवला की हा एक स्लो सर्व्हर त्यात विरघळून जातो, आणि तक्रार तर त्याचीच असते.

पहिली कमांड

डिग हे टूल लागेल. उबुंटूवर ते बाइंड-नाईनच्या डीएनएस-युटिल्स पॅकेजमध्ये मिळतं, फेडोरावर बाइंड-युटिल्समध्ये. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, टाकून घ्यावं हे उत्तम, कारण एनएसलुकअप वेळ दाखवतच नाही.

आधी डोमेनचे नेमसर्व्हर काढा: डिग, मग डोमेनचं नाव, मग एनएस. पण एवढ्यावर थांबू नका, कारण इथे तुमच्या झोनमध्ये, म्हणजे नेमसर्व्हरवरच्या तुमच्या डोमेनच्या नोंदींत, लिहिलेली लिस्ट दिसते, आणि बाहेरचे रिझॉल्व्हर येतात ते वरच्या रजिस्ट्रीकडच्या लिस्टवरून, म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट इनच्या सर्व्हरवर जी नोंद आहे तिच्यावरून. ती बघायला डिगला प्लस ट्रेस लावा. रूटपासून एकेक पायरी उतरत येते आणि तुमच्या डोमेनच्या बरोबर वरच्या पायरीला रजिस्ट्रीची लिस्ट दिसते. दोन्ही लिस्ट शेजारी शेजारी ठेवून एकेक नाव जुळवा.

हे जुळवण्यात पाच मिनिटं जातात पण याचं महत्त्व मी कितीही सांगितलं तरी कमीच. एका कोचिंग क्लासच्या साईटचं असंच झालं होतं. आधीच्या वेबमास्टरने होस्टिंग बदललं, नवे नेमसर्व्हर टाकले, पण जुन्या कंपनीचा एक नेमसर्व्हर रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीच्या, पॅनलमध्ये तसाच राहिला. तो सर्व्हर त्या डोमेनला आता ओळखतच नव्हता. जे रिझॉल्व्हर आधी त्याच्याकडे गेले ते वाट बघून मग दुसऱ्याकडे वळायचे, आणि मुलांना ॲडमिशनचा फॉर्म उघडायला उशीर लागायचा, तोही सगळ्यांना नाही. मॉनिटरिंगमध्ये नव्या सर्व्हरचीच नावं टाकली असती तर ग्राफ कायम हिरवागार दिसला असता. म्हणून मोजायची लिस्ट ही रजिस्ट्रीकडची लिस्ट. तुमच्या झोनमध्ये आणखी नावं असतील तर तीही त्यात घाला.

आता प्रत्येकाला थेट विचारा: डिग, मग ॲटचं चिन्ह आणि त्याला चिकटून नेमसर्व्हरचा आयपी, मग डोमेन, मग एसओए (झोनची मुख्य नोंद), मग प्लस नोरिकर्स (म्हणजे रिकर्शन नको, दुसऱ्यांना विचारत बसू नको, तुझ्याकडचंच सांग). उत्तरात खाली क्वेरी टाइम लिहिलेला असतो, मिलिसेकंदात. तो आकडा बघायच्या आधी वर फ्लॅगच्या ओळीत एए आहे का ते बघा. एए म्हणजे हे उत्तर खुद्द अथॉरिटेटिव्ह सर्व्हरने दिलंय. एए नसेल तर एकतर त्या सर्व्हरकडे तुमचा झोन नाही, किंवा मधल्यामध्ये कोणीतरी दुसराच उत्तर देतोय.

मधल्यामध्ये ही गंमत नाही बरं का, काही नेटवर्क पोर्ट ५३ ची, म्हणजे डीएनएसच्या दाराची, सगळी क्वेरी गुपचूप स्वतःच्या रिझॉल्व्हरकडे वळवतात. तपासायची सोपी युक्ती आहे: १९२.०.२.१ हा पत्ता फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलाय, तिथे कोणताही सर्व्हर नसतो. डिगने त्या पत्त्याला काहीही विचारा. टाइमआउट आला तर तुमची लाईन स्वच्छ आहे. उत्तर आलं तर कोणीतरी अडवून उत्तर देतोय, आणि अशा लाईनवरून केलेली सगळी मोजणी बिनकामाची. दुसरी लाईन घ्या किंवा व्हीपीएसवरून मोजा.

आकडा किती असायला पाहिजे

इथे नागपूरचं भूगोल कामी येतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद, याच्याखाली कोणीही जाऊ शकत नाही. मुंबई समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर, म्हणजे केबल तशी सरळ गेली असं धरलं तरी ७ मिलिसेकंद खर्च. प्रत्यक्षात केबल फिरून जाते, मधे राऊटर असतात, त्यामुळे मुंबईतल्या नेमसर्व्हरने १५ ते ३० मध्ये उत्तर दिलं तर ते मी चांगलं धरतो. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर अंतरच १२-१३ हजार किलोमीटर, नुसत्या अंतराचे १२०-१३० जातात आणि हातात २०० च्या वर पडतात. तो सर्व्हर आजारी नाही, लांब आहे. या दोन गोष्टींचा इलाज पूर्ण वेगळा आहे, म्हणून आधी हा हिशोब करून मगच कोणाला स्लो म्हणा.

मोठ्या डीएनएस कंपन्या एनीकास्ट वापरतात, म्हणजे एकच आयपी जगात अनेक ठिकाणी लावलेला असतो आणि तुम्ही रूटिंगप्रमाणे जवळच्या ठिकाणी जाता. पण रूटिंगचं "जवळ" आणि नकाशाचं "जवळ" एक असेलच असं नाही, मुंबईत नोड असूनही एखाद्या इंटरनेट कंपनीचा ट्रॅफिक सिंगापूरला जाऊ शकतो. डिगला प्लस एनएसआयडी लावा, बरेच सर्व्हर त्यावर आपल्या नोडचं नाव सांगतात आणि त्यात बहुतेकदा शहराचा किंवा विमानतळाचा कोड असतो. अचानक २५ चे ७० झाले आणि एनएसआयडीतला कोडही बदलला तर समजून घ्या, रस्ता बदललाय, सर्व्हर ठीक आहे.

एक तुलनेला आकडा सांगतो. डॉट ऑर्गसारख्या जेनेरिक एक्स्टेन्शनच्या रजिस्ट्रीसाठी आयकॅनच्या (डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या) स्टँडर्ड करारात अट असते, की ९५ टक्के यूडीपी क्वेरींना (आधी जोडणी न करता एका पॅकेटात विचारलेल्या, डीएनएसच्या नेहमीच्या) ५०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर मिळालं पाहिजे, टीसीपीला (आधी जोडणी करून विचारलेल्यांना) १५०० च्या आत. ही जगभरातून मोजलेली किमान मर्यादा आहे. तुमचे गिऱ्हाईक विदर्भातले असतील तर ५०० वर समाधान मानू नका, पण तुमचा होस्ट इथून ५०० सुद्धा पाळत नसेल तर बोलायला तुमच्याकडे ठोस माप आहे.

आता हे दर मिनिटाला आपोआप

एकदा मोजून काही कळत नाही. संध्याकाळी आठला सगळा धरमपेठ स्ट्रीमिंगवर असतो तेव्हाची लाईन आणि पहाटे पाचची लाईन यात फरक असतो. म्हणून छोटी शेल स्क्रिप्ट लिहा आणि क्रॉनला, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीला, दर मिनिटाला लावा. त्यात नेमसर्व्हरच्या आयपींची यादी, त्यावर लूप, आणि प्रत्येकाला वरचीच डिग, फक्त त्यात आणखी दोन गोष्टी: प्लस टाइम बरोबर २ आणि प्लस ट्राइज बरोबर १. हे नाही घातलं तर डिग आपल्या डिफॉल्टप्रमाणे ५ सेकंद थांबतो आणि तीनदा प्रयत्न करतो, त्यात पहिला हरवलेला पॅकेट दडून जातो आणि तोच तर आपल्याला पकडायचाय.

लॉगमध्ये एका मोजणीची एक ओळ, अशी:

२०:१४, दुसरा सर्व्हर, यूडीपी, एसओए, २६, ओके
२०:१५, दुसरा सर्व्हर, यूडीपी, एसओए, २०००, टाइमआउट

दुसरी ओळ नीट बघा. उत्तर आलं नाही तेव्हा डिगचा एक्झिट कोड ९ येतो, आणि क्वेरी टाइमची ओळ छापलीच जात नाही. स्क्रिप्ट फक्त ती ओळ शोधत असेल तर ते मिनिट लॉगमधून गायब होतं, मग होतं असं की सर्व्हर जितका जास्त बिघडतो तितकी तुमची सरासरी सुधारते, कारण वाईट मोजण्या यादीत येतच नाहीत. टाइमआउटची ओळ लिहायचीच लिहायची. आणि ओळच नसेल तर त्याचा अर्थ एकच राहिला पाहिजे, की मोजणारं मशीनच बंद होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी लाईट जाते, बंद कपाटातला राऊटर तापून हँग होतो, तेव्हा हा फरक लागतोच. मशीन आणि राऊटर दोन्ही यूपीएसवर घ्या आणि हवेशीर ठेवा.

बाकी बारीकसारीक: सर्व्हरचं नाव न देता आयपी द्या म्हणजे दर वेळी नाव शोधण्याची भानगड मध्ये येत नाही, पण आठवड्यातून एकदा आयपी बदलले का ते बघणारी वेगळी स्क्रिप्ट ठेवा. आयपीव्ही-फोर आणि आयपीव्ही-सिक्स वेगळे मोजा, दोघांचे रस्ते वेगळे असतात. मशीन वायफायवर नको, केबलने जोडा. घड्याळ एनटीपीवर, म्हणजे इंटरनेटवरून आपोआप जुळणारं, ठेवा, आणि व्हीपीएस यूटीसीवर असेल तर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे हे लॉग जुळवताना ध्यानात ठेवा. टीसीपीची मोजणी दर दहा-पंधरा मिनिटांनी पुरते, पण ठेवा जरूर, कारण उत्तर मोठं झालं की ते कापून येतं आणि रिझॉल्व्हर टीसीपीवर परत विचारतो, आणि काही फायरवॉल टीसीपी ५३ बंद करून बसलेल्या असतात.

मिनिटाला एकापेक्षा जास्त क्वेरी मारायचा मोह टाळा. बऱ्याच नेमसर्व्हरवर रिस्पॉन्स रेट लिमिटिंग असतं, एकाच पत्त्यावरून भराभर तेच तेच विचारलं की ते उत्तरं गाळायला लागतात, आणि मग तुमच्या मोजणीमुळेच टाइमआउट दिसतात.

एसओए विचारण्याचा आणखी एक फायदा म्हणजे त्यात झोनचा सिरीयल नंबर असतो, तोही लॉगमध्ये घ्या. एखादा सर्व्हर १८ मिलिसेकंदात उत्तर देतोय आणि सिरीयल आठवडाभर जुना आहे, म्हणजे तो भराभर चुकीचं उत्तर देतोय. असा सर्व्हर स्लो सर्व्हरपेक्षा वाईट.

आपली लाईन वेगळी काढा

राजेहो, हे सोडू नका. त्याच स्क्रिप्टमध्ये दर मिनिटाला राऊटरच्या पुढच्या पहिल्या हॉपला (टप्प्याला) पिंग आणि १.१.१.१ ला एका ठरलेल्या नावाची एक क्वेरी टाका. सगळे आकडे एकाच वेळी चढले तर दोष तुमच्या लाईनचा. एकच नेमसर्व्हर चढला आणि बाकी शांत असतील तर त्याचा, किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा. हा रस्ता की सर्व्हर हे एका जागेवरून कळतच नाही, म्हणून दुसरी जागा पाहिजे. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये मित्राच्या ऑफिसात वेगळ्या कंपनीची लाईन असेल तर तिथे एक रास्पबेरी पाय ठेवा, आणि मुंबईत एक व्हीपीएस. जगभरातून बघायचं असेल तर राइप ॲटलस आहे, त्याचे प्रोब लोकांनी घरोघरी बसवलेत, देश किंवा नेटवर्क निवडून त्यांच्याकडून डीएनएस मोजणी करून घेता येते. त्याला क्रेडिट लागतात, आणि स्वतःकडे प्रोब बसवला की क्रेडिट जमा होत जातात.

आकडे वाचायचे कसे

मिनिटाला एक म्हणजे दिवसाला एका सर्व्हरच्या १४४० मोजण्या. त्या लहान ते मोठ्या लावा आणि १३६८ वी बघा, ती तुमची ९५ वी पर्सेंटाईल. मधली, म्हणजे मीडियन, नेहमीची तब्येत सांगते, आणि ९५ वी सांगते की वीसपैकी एका वेळेला लोकांना किमान काय भोगावं लागतं. मीडियन २४ आणि ९५ वी ३१, छान सर्व्हर. मीडियन २४ आणि ९५ वी ४१०, काहीतरी गडबड आहे आणि बहुतेक दिवसाच्या ठराविक वेळी आहे, त्या मोजण्यांच्या वेळा काढून बघा. टाइमआउटची टक्केवारी तिसरा आकडा म्हणून वेगळी ठेवा, आणि मला विचाराल तर तिन्हींत हीच सगळ्यात महत्त्वाची. १०० मिलिसेकंद जास्त लागले तर माणसाला फारसं जाणवत नाही, पण पॅकेट हरवला की पुढचा प्रयत्न होईपर्यंत सगळं ठप्प असतं. लिनक्सचा साधा रिझॉल्व्हर तर डिफॉल्टने ५ सेकंद थांबतो, तेवढ्यात माणूस टॅब बंद करून जातो.

ग्राफ पाहिजे असेल तर स्मोकपिंग हे फुकटचं टूल चांगलं आहे, त्यात डीएनएसचा प्रोब असतो आणि आकडे किती विखुरलेत हे धुरासारख्या पट्ट्यात एका नजरेत दिसतं. फक्त जुना डेटा तो सरासरी करून साठवतो, महिनाभरापूर्वीचा टोकदार उंचवटा नंतर सपाट दिसतो, म्हणून आपला कच्चा लॉग फेकू नका. आधीच प्रोमिथियस हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर चालवत असाल तर ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टरचा डीएनएस प्रोब वापरा, पण त्यात तीन गोष्टी बघा: रिकर्शन डिफॉल्टने चालू असतं ते बंद करा, आयपीव्ही-सिक्सला पहिली पसंती असते ती आपल्या लाईनप्रमाणे सेट करा, आणि ग्राफ काढताना प्रोब-डीएनएस-लुकअप-टाइम घेऊ नका, तो टार्गेटचं नाव शोधायला लागलेला वेळ आहे. सर्व्हरने लावलेला वेळ प्रोब-डीएनएस-ड्युरेशनमध्ये रिक्वेस्टच्या फेजला असतो. नाव एवढं सारखं आहे की इथे भलेभले फसतात.

अलर्ट

पहिला आठवडा अलर्ट लावूच नका, नुसता डेटा जमू द्या. मग प्रत्येक सर्व्हरची स्वतःची नेहमीची ९५ वी पर्सेंटाईल कळते आणि मर्यादा त्यावरून ठरते. मी साधारण असं ठेवतो: दोन वेगळ्या जागांवरून एकाच सर्व्हरला लागोपाठ तीन टाइमआउट आले तर लगेच टेलिग्रामवर मेसेज, १५ मिनिटांची मीडियन नेहमीच्या दुप्पट झाली तर सकाळी बघायचा ईमेल, सर्व्हरांचे सिरीयल एकमेकांशी तासाभरापेक्षा जास्त वेळ जुळत नसतील तर ईमेल. एकाच जागेवरून आलेल्या एका टाइमआउटवर कोणालाही झोपेतून उठवू नका, यूडीपीत पॅकेट हरवणं चालायचंच. सगळे नेमसर्व्हर एकदम गेले तर मात्र कितीही वाजलेले असोत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं तेच झालं होतं, त्यांच्या नेमसर्व्हरकडे जाणारे रस्तेच इंटरनेटवरून निघून गेले आणि सहा तासांच्या आसपास सगळं बंद.

आकडे हातात आल्यावर

प्रोव्हायडरला "तुमचा डीएनएस स्लो आहे" एवढंच लिहिलं तर ठरलेलं उत्तर येतं, आमच्याकडून सगळं ओके. त्याऐवजी द्या: नेमसर्व्हरचा आयपी, तुमचा पब्लिक आयपी, यूटीसीमध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ, यूडीपी का टीसीपी, एनएसआयडी, डिगचं पूर्ण आउटपुट, त्याच वेळचा ट्रेसरूट, आणि दुसऱ्या जागेवरून त्याच वेळी काय दिसलं. असं तिकीट सपोर्टवाल्याला बाजूला ठेवता येत नाही, ते नेटवर्कच्या माणसापर्यंत जातं.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करा. टीटीएल (उत्तर कॅशमध्ये किती वेळ ठेवायचं तो काळ) ६० सेकंद ठेवून बसला असाल आणि आयपी वर्षभर बदलत नसेल तर ३६०० करा, लोक कॅशमधून उत्तर घेतील आणि नेमसर्व्हरचा दरवाजा कमी वेळा वाजेल. सीनेमच्या, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणाऱ्या नोंदींच्या, साखळ्या तोडा, दुसऱ्या डोमेनकडे नेणारी प्रत्येक कडी म्हणजे आणखी एका नेमसर्व्हरची फेरी. रजिस्ट्रारकडे पडलेले मेलेले नेमसर्व्हर आजच काढा.

आणि नेमसर्व्हरच बदलायचं ठरलं तर नव्यांची मोजणी बदलाच्या एक आठवडा आधीपासून सुरू करा, झोन तिथे टाकला की रजिस्ट्रारकडे न बदलताही त्यांना थेट विचारता येतं. बदल केल्यावर जुने लगेच बंद करू नका आणि त्यांची मोजणीही थांबवू नका. डॉट कॉमच्या सर्व्हरवर एनएस नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो, तेवढा वेळ काही रिझॉल्व्हर जुन्यांकडेच जात राहतात. मी तीन-चार दिवस जाऊ देतो, जुन्या सर्व्हरचा क्वेरी लॉग बघता येत असेल तर तो शांत झालाय याची खात्री करतो, आणि मगच स्क्रिप्टच्या यादीतून त्यांचे आयपी काढतो.